जुने खोड, नवे पान

शाळेच्या बँडमधील सर्वांत जुना साइड ड्रम गेली कित्येक वर्षे भांडारखोलीतील कपाटावर उपडा पडून होता. त्याचे वरचे पान फाटलेले, खालचे ढिले पडलेले आणि तारा गंजलेल्या. गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बँडची जमवाजमव सुरू झाली, तेव्हा तो खाली काढण्यात आला. बाजारातून चौदा इंची नवे प्लॅस्टिकचे पान आणले. ड्रमही चौदा इंचीच. तरीही पान खोडावर उतरेना. दोघा विद्यार्थ्यांनी तळहातांनी दाबले, एकाने वरून लाकडी हातोडी मारली. पान एका बाजूने उतरले की दुसऱ्या बाजूने वर येई. शेवटी निकाल असा लागला की ड्रम वाकला आहे, भंगारात द्यावा. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी आणि पुढे येथेच कार्यानुभवाचा शिक्षक. ड्रम भंगारात जाऊ नये असे मला वाटले, त्यामागे भावनेचे कारण होते, ते पुढे येईलच; पण तो वाकलेला नव्हता, हे पहिले कारण. तो जुन्या मापाचा होता. अनेक शाळांत, विहारांत आणि मंडळांत असे ड्रम पडून आहेत व ते याच गैरसमजापायी भंगारात जातात, म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडतो.

आधी शब्दांचा खुलासा करतो. ड्रमच्या पोकळ नळकांड्याला इंग्रजीत शेल म्हणतात. तबला-ढोलकीच्या परिभाषेत ते खोड. ज्यावर काठी पडते ते पान. पान ज्या गोल चौकटीत बसवलेले असते ते कडे. त्या कड्याला वरून दाबणारी व बोल्टांनी खाली ओढली जाणारी मोठी गोल पट्टी म्हणजे रिम. आणि खोडाच्या ज्या काठावर पान टेकते, तो काठ. आवाजाचा सगळा जीव या काठात असतो.

चौदा इंची पान चौदा इंची खोडावर का बसत नाही, याचे उत्तर चामड्यात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर ड्रमची पाने चामड्याचीच असत. पाश्चात्त्य ड्रमांवर बहुधा वासराचे कातडे, आपल्याकडे बकऱ्याचे. कातडे पाण्यात भिजवून मऊ करायचे, लाकडी कड्यावर गुंडाळून त्याची कड आत खोचायची आणि ओले असतानाच ड्रमवर चढवायचे. वाळताना ते त्या खोडाचाच आकार घेई. कडेही त्या खोडासाठीच वळवलेले असे. त्यामुळे खोड मापापेक्षा अर्ध्या-एक मिलिमीटरने मोठे असले, किंचित लंबगोल असले, तरी कोणाचे काही अडत नसे. शिंप्याने अंगावर माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी ती गोष्ट होती.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीची मायलर नावाची पॉलिएस्टर फिल्म बाजारात आली. तिच्यापासून ड्रमचे पान करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले; १९५६ साली चिक इव्हान्स यांनी आणि १९५७ साली रेमो बेली यांनी अशी पाने विक्रीला आणली. या पानावर पावसाचा परिणाम होत नाही, उन्हाने ते ताणले जात नाही, ते स्वस्त पडते व एकसारखे निघते. परंतु ते तयार कपड्यासारखे असते. कारखान्यातच ते धातूच्या कड्यात पक्के बसवलेले असते. ते खोडाचा आकार घेत नाही, खोडानेच त्याच्या मापात यावे लागते. म्हणून पुढे कारखान्यांनी खोडे नाममात्र मापापेक्षा थोडी लहान करण्यास सुरुवात केली. आजचे चौदा इंची खोड प्रत्यक्षात सुमारे तीन मिलिमीटरने कमी असते आणि पान त्यावर सैलपणे फिरते. इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचे, म्हणजे १९२२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे लेस्टरला गेलेल्या कारखान्याचे, कित्येक जुने ड्रम या अडचणीसाठी प्रसिद्ध आहेत. त्या कंपनीने पुढे आपली मापे ‘आंतरराष्ट्रीय’ मापांशी जुळवून घेतली, पण त्याआधीच्या ड्रमांवर आजचे पान घट्ट बसते किंवा मुळीच बसत नाही. आपल्या शाळेचा ड्रमही विलायती बनावटीचा, चामड्याच्या काळातला. लष्करातून निवृत्त झालेल्या एका पालकांनी तो शाळेला दिला होता. शाळेतील बाकीचे ड्रम मेरठच्या जली कोठी भागातून आलेले आहेत. बँडची वाद्ये बनवणाऱ्यांची ती मोठी पेठ. त्या ड्रमांवर तेच पान हातातून सोडताच जागेवर बसले. दोष पानात नाही, हे तेव्हाच कळले.

आता मोजमाप. येथेच बहुतेकांची चूक होते. पट्टी आडवी धरून व्यास मोजला जातो; पण खोड अगदी गोल नसेल, तर एका दिशेने एक आकडा येतो आणि दुसऱ्या दिशेने दुसरा. शिवाय व्यासात एक मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. त्याऐवजी घेर मोजावा. कागदाची अरुंद, न ताणणारी पट्टी काठाजवळ घट्ट गुंडाळावी, जेथे टोके एकमेकांवर येतात तेथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडावे, पट्टी सरळ करून दोन भोकांमधील अंतर मोजावे आणि त्यास ३.१४१६ ने भागावे. व्यासात एक मिलिमीटरचा फरक असला, तर घेरात तो तीन मिलिमीटरहून अधिक दिसतो. चूक तेवढी कमी होते. आठवीच्या वर्गाकडून मी हे काम करून घेतले. वर्तुळाचा परीघ पुस्तकाबाहेर कोठे उपयोगी पडतो असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीच पट्टी दिली.

आपल्या ड्रमचा वरचा घेर १११९ मिलिमीटर भरला, म्हणजे व्यास ३५६.२. खालचा घेर ११२४, म्हणजे व्यास ३५७.८. नेमके चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. नव्या पानाच्या कड्याचा आतला व्यास ३५६.८. वर अवघी अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक होती आणि खाली तर पान खोडापेक्षा लहानच होते. पान नीट बसण्यास एकूण दीड ते तीन मिलिमीटर मोकळीक हवी. परीक्षा सोपी आहे: पान ठेवले की स्वतःच्या वजनाने खाली उतरले पाहिजे आणि दोन बोटांनी गोल फिरले पाहिजे.

घेर मोजून झाल्यावर चार-पाच दिशांनी व्यासही पाहावा, पण तो गोलाई तपासण्यासाठी. घेर योग्य असून पान अडकत असेल, तर खोड लंबगोल झाले आहे. अशा खोडाला घासणे हा शुद्ध अपराध होय. त्यावर दोन्ही बाजूंच्या रिम हलक्या ताणात चढवून काही आठवडे ठेवले, तर पुष्कळदा ते पुन्हा गोलाईकडे येते.

खोड खरोखरच मोठे आहे असे ठरल्यावरही घाई नको. आपला ड्रम कारखान्यातून एवढा मोठा आलाच नव्हता. त्यातला काही मोठेपणा आपणच त्याला दिला होता! दर प्रजासत्ताक दिनाच्या किंवा जयंतीच्या आधी ड्रमला ऑइल पेंटचा एक हात, ही शाळेची जुनी रीत. निळा, पांढरा, पुन्हा निळा, मध्येच कोणा शिक्षकांच्या आवडीचा पिवळा. ब्रशने दिलेल्या रंगाचा वाळलेला थर साधारण ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर जाडीचा असतो. असे बारा-तेरा थर झाले की अर्धा मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंचे मिळून व्यासात जवळजवळ एक मिलिमीटर. काठापासून खाली फक्त दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यातील रंग आम्ही काचेच्या तुकड्याने आणि बारीक पॉलिश पेपरने खरवडून काढला. लाकडाला धक्का लावला नाही. काठाचा उतार तर मुळीच दुखवला नाही. बाकीचा रंग तसाच ठेवला, कारण रिमच्या खाली पट्टा झाकला जातो आणि त्या थरांत शाळेचा इतिहास आहे, असे निदान मला वाटते. वरचा घेर १११६ वर आला, व्यास ३५५.२. मोकळीक १.६ मिलिमीटर. पान उतरले, एकाच जागी अडले, तेथे खोडाच्या लाकडाचा जोड किंचित वर आलेला होता. तो हलक्या हाताने साफ करताच पान फिरू लागले.

काही ड्रमांवर रंगाऐवजी चमकदार प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवलेला असतो. तेथे पान बहुधा पत्र्याच्या जोडावर अडते, कारण जोडापाशी पत्रा दुहेरी असतो. काठाजवळचा तेवढाच पट्टा धारदार पातीने कापून काढला की काम होते. धातूच्या खोडाला मात्र यांपैकी काहीच लागू पडत नाही. त्याचे जे माप तेच.

दुसरा मार्ग पान बदलण्याचा. निरनिराळ्या कंपन्यांच्या, कधी एकाच कंपनीच्या दोन खेपांच्या कड्यांतही थोडा फरक असतो. म्हणून दुकानात जाताना खोडच बरोबर न्यावे. ‘चौदा इंची द्या’ एवढे म्हणून चालत नाही. जुन्या मोठ्या खोडांसाठी मुद्दाम किंचित मोठी केलेली पानेही मिळतात. अमेरिकेतील अ‍ॅक्वेरियन कंपनीची ‘अमेरिकन व्हिंटेज’ पाने त्याच कामाची. ती बाहेरून मागवावी लागतात आणि शाळेच्या खर्चाच्या मानाने महाग पडतात. मिरवणुकीतील ढोलांसाठी प्लॅस्टिकची पाने बसवून देणारे कारागीर मोजमाप दिल्यास लोखंडी कड्यात पान करूनही देतात. वरच्या बाजूस ते चालते.

खोडच घासून लहान करणे हा शेवटचा मार्ग. ते एकदा केले की मागे फिरता येत नाही, आणि खोडाची भिंत जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते.

खालच्या बाजूस आमचा हाच प्रश्न होता. रंग काढल्यावर तो घेर ११२१ झाला, म्हणजे व्यास ३५६.८. कड्याचा आतला व्यासही ३५६.८. नेमका तेवढाच. पान बसवायचे तर खोडाच्या भिंतीतून दोन्हीकडे जवळजवळ एक-एक मिलिमीटर लाकूड काढावे लागणार होते, आणि तेही खालच्या काठाजवळ, जेथे तारांसाठी उथळ खाच असते आणि काठ आधीच नाजूक असतो. शिवाय खालचे पान वरच्यापेक्षा फार पातळ लागते. वरचे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे, खालचे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ, सुमारे ०.०७५ मिलिमीटर. तारा त्याच्यावरच थरथरतात. कारागिराने मापाने केलेले जाड पान तेथे लावले असते तर ड्रमचा पत्र्याचा डबा झाला असता. म्हणून मी ठरवले की खोडाला हात लावायचा नाही. मूळचे लाकडी कडे जागेवर होते. त्यावर चामडेच चढवायचे.

हे ठरवणे सोपे होते, करणे अवघड. आणि अडचण केवळ कारागिरीची नव्हती. आपल्या समाजाचे चामड्याशी असलेले नाते ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही, पण ही स्मरणिका मुलेही वाचतील. मेलेली जनावरे ओढणे आणि बोलावणे आले की डफडे घेऊन वाजवण्यास जाणे, ही गावकीची कामे आपल्या पूर्वजांवर लादलेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी लोकांनी हे सारे पाश तोडले. माझ्या चुलत आजोबांनी दीक्षा घेऊन परतल्यावर डफडे खुंटीवरून काढले आणि पुन्हा कधी हातात घेतले नाही. चामडे हातात धरणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञाच होती. मी सातवीत असताना बँडमध्ये निवडला गेलो, तेव्हा माझ्या वडिलांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला होता. ज्यातून बाहेर पडलो त्यातच पोरगा पुन्हा शिरतो आहे, असे त्यांना वाटले. गणवेश घातलेला मुलगा स्वतःच्या शाळेच्या ध्वजामागे वाजवत चालतो आणि बोलावण्यावरून दुसऱ्याच्या दारी वाजवायला उभा राहतो, यांतला फरक त्यांना माझ्या पहिल्या संचलनाच्या दिवशी पटला.

त्याच वर्षी जयंतीच्या दोन दिवस आधी याच ड्रमचे चामड्याचे पान फाटले. गुरुजींनी नवे कातडे मिळवले, पण ते चढवणार कोण? आजोबांना निरोप गेला. ते आले, बराच वेळ ड्रमकडे पाहत बसले. मग म्हणाले, “हे गावकीचं काम नोय. हे पोराईचं काम हाय.” आणि बादलीत हात घातला. मी पाणी धरून उभा होतो. मी डोळ्यांनीच अंदाज घेऊन कातडे कापू लागलो, तेव्हा त्यांनी हात धरला, “डोयानं नको पाहू, सुतयीनं पाह्य.” घेर मोजण्याचा पहिला धडा मला तेथे मिळाला, ३.१४१६ नंतर आले.

तेव्हा पाहिलेलेच गेल्या वर्षी मी केले. पातळ बकऱ्याचे कातडे साध्या थंड पाण्यात तासभर भिजवले. गरम पाणी वापरू नये, कातडे आक्रसते व कडक होते. कड्यापेक्षा सर्व बाजूंनी तीन सेंटिमीटर जास्त राहील असे ते गोल कापले. सपाट फळीवर पसरून वर कडे ठेवले, कड वर वळवून कड्याभोवती आत घेतली आणि चमच्याच्या दांड्याने कडे व कातडे यांच्या मध्ये खोचत गेलो. येथे एक पथ्य पाळावे लागते: एका जागी खोचले की लगेच समोरच्या जागी खोचायचे, मग काटकोनात, मग त्याच्या समोर. एका टोकाकडून सलग खोचत गेल्यास शेवटी चुणी पडते आणि ती निघत नाही. ओले पान खोडावर ठेवून रिम चढवली व बोल्ट बोटांनीच फिरवले, एवढेच की पान काठाखाली अर्धा सेंटिमीटर ओढले जावे. अधिक ताणण्याचा मोह होतो, तो आवरावा. वाळताना चामडे स्वतःच आक्रसते आणि आधीच ताणलेले असेल तर फाटते. दोन दिवस सावलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी चावी लावली.

पान प्लॅस्टिकचे असो वा चामड्याचे, बोल्ट ताणण्याची रीत एकच. आधी सगळे बोल्ट बोटांनी टेकवावेत. मग चावीने एकाला अर्धा फेरा, नंतर समोरच्याला अर्धा. प्रत्येक बोल्टजवळ, काठापासून इंचभर आत, काठीने हलके टिचकारून पाहावे. सगळीकडे एकच स्वर आला पाहिजे. एका बोल्टजवळ स्वर चढत नाही आणि बोल्ट मात्र जड होत चालला आहे, असे झाले तर थांबावे. तेथे पान ताणले जात नसून कडे खोडावर चिमटले जात आहे. घट्ट पान जोराने ओढून बसवलेल्या ड्रमचा आवाज बद्द येतो, पानावर काठालगत सुरकुत्या दिसतात आणि काही दिवसांत पान कड्यातून सुटते. भंगारात निघालेले बरेच ड्रम या एकाच कारणाने निघालेले असतात. आणखी एक बारकावा: चामड्याचे लाकडी कडे उंच असते, प्लॅस्टिक पानाचे कडे बुटके. त्यामुळे जुने बोल्ट नव्या पानावर लांब पडतात आणि पान ताणले जाण्याआधीच तळाला टेकतात. बोल्टखाली दोन वॉशर घातले की पुरते. हे लक्षात येईपर्यंत माझी एक संध्याकाळ गेली.

आता हा ड्रम दोन स्वभावांचा झाला आहे. वरचे पान ऋतू ओळखत नाही. खालचे मात्र आपल्या जिल्ह्यातील मे महिन्याच्या उन्हात ताठ होते आणि जुलैत सैल पडते. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत खालचे बोल्ट एक-एक फेरा सैल करून ठेवावेत आणि पावसाळ्यात वाजवण्याआधी ताणून घ्यावेत. पावसाळ्यात हलगी शेकतात तसे कोणी वरचे पान शेकू नये. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी एका उत्साही विद्यार्थ्याने कागद पेटवून हा प्रयोग मेरठच्या ड्रमवर केला. पानाला बोटभर भोक पडले. त्याला रागावण्याआधी मी विचारले की हे कोठे शिकलास. तो म्हणाला, “आजोबा डफडं असंच शेकत व्हते.” मग रागावलो नाही.

१४ एप्रिलला ड्रम संचलनात सर्वांत पुढे होता. सध्या तो भांडारखोलीत, कपाटावर नव्हे तर कपाटात, उभा ठेवलेला आहे. चावी सुतळीने त्याच्या कडीलाच बांधली आहे, कारण ती दर वर्षी हरवते. घेराची कागदी पट्टीही मापे लिहून आत ठेवली आहे, पुढे पान आणणाऱ्याने ती घेऊन जावी. वरचे मूळ लाकडी कडे मात्र हरवले आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी किंवा कोणत्या मंडळाच्या सामानात चौदा इंची ड्रमचे जुने लाकडी कडे पडून असेल, अगदी तुटकेही असेल, तर ते शाळेत आणून द्यावे. तुटलेले कडे जोडता येते.